बॅटरी 30 युनिटांची, गरज साडेसहाची

साताऱ्यातल्या एका बंगल्याच्या गच्चीची सोलर पॅनलसाठी पाहणी करायला गेलो, तेव्हा मालकांच्या हातात आधीच 10 किलोवॅटचं कोटेशन होतं. हिशोब असा मांडलेला: इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 30 युनिटांची, घराला रोज 7, बेरीज 37. एक किलोवॅट सोलर रोज 4 युनिट देतो, म्हणजे सव्वानऊ, म्हणून 10. भागाकार बरोबर, पण बॅटरी रोज रिकामी होते हे धरलेलंच चूक.

मी आधी ओडोमीटर पाहिला. 10 महिन्यांत 13,000 किलोमीटर, म्हणजे महिन्याला 1,300. गाडीच्या पडद्यावर किलोमीटरला साधारण 135 वॅट-अवर (हजार म्हणजे एक युनिट) दिसत होते, पण चार्जिंगमध्ये वीज वाया जाते. त्यामुळे प्लगपाशी 150 धरले. महिन्याला 195 युनिट, दिवसाला साडेसहा. घराच्या बारा बिलांची बेरीज 2,640 युनिट, गाडीचे वर्षाचे 2,340. वर्षाला 4,980 युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो. सावली आणि धूळ यांचे 10 टक्के वजा केले की 4 किलोवॅट लागतात. 540 वॅटचे 8 पॅनल पुरले.

जास्त बसवून फायदाही नव्हता. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान 3 किलोवॅटलाच 78,000 रुपयांवर थांबतं, आणि वीज कंपनीकडे जमा होऊन 31 मार्चला उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वापरले जावेत, एवढंच माप योग्य. गाडी रात्री चार्जिंगला लावली तरी चालते, कारण नेट मीटरमध्ये (बाहेर दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) हिशोब युनिटांचा होतो. त्यासाठी वेगळी बॅटरी घ्यायची गरज नाही. मात्र लाइट गेली की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज घराच्या लाइनला जोडणारं यंत्र) भर उन्हातही बंद पडतो, हे मालकांना आधीच सांगितलं.

खरी अडचण पाण्याच्या टाकीची होती. ती आग्नेयेला, पॅनलच्या पातळीपेक्षा 2 मीटर उंच. डिसेंबरमध्ये सकाळी साडेनऊच्या सुमारास तिची सावली साडेतीन मीटर लांब पडते, वायव्येकडे, म्हणजे नेमकी पहिल्या रांगेवर. उन्हाळ्यात पाहणी केली तर हे दिसतच नाही. पॅनल तेवढे मागे सरकवले आणि चार-चारच्या दोन स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळा) इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर, म्हणजे स्वतंत्र इनपुटवर घेतल्या, म्हणजे एकीवर थोडी सावली आली तरी दुसरी पूर्ण चालते. इतक्या छोट्या स्ट्रिंगचा व्होल्टेज इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेच्या वर राहतो का, हे डेटाशीटमध्ये तपासूनच.

पोर्चमधला चार्जिंगचा सॉकेट काढला तर मागची बाजू तपकिरी झालेली. आठवड्यातून दोनदा, सलग सात तास 14-15 अँपिअर, आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची! गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी होत नाही. मेन बोर्डपासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली, 20 अँपिअरचा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा) आणि इंडस्ट्रियल सॉकेट बसवला. अर्थिंगही मोजून घेतलं.

काम झाल्यावर घरच्यांना लगेच चालू करून बघायचं होतं. नेट मीटर बसेपर्यंत मी इन्व्हर्टरची घराच्या लाइनला जोडणारी एसी बाजू बंदच ठेवली. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापर म्हणून मोजतात आणि तिचं बिल येतं.