पायाखालचा पूल

पणजीत मांडवीवर तीन पूल आहेत आणि त्यांतल्या सर्वांत देखण्यावर माझ्या स्कूटरला मज्जाव आहे. २०१९ साली खुला झालेला अटल सेतू दोन जुन्या पुलांच्या मधून, त्यांच्या डोक्यावरून जातो. आम्ही दुचाकीवाले खालून त्याच्या तारा बघायच्या. पर्वरीचा उतार संपून पुलावर आलं की वारा असा भिडतो, की तेही जमत नाही.

माझा जीव पुढच्या पुलात. त्याला मात्र कुणी पूल म्हणत नाही. पाटोहून डावीकडे वळलं की रायबंदरपर्यंत तीनेक किलोमीटर सरळसोट रस्ता, डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन, आणि मिठागरं. हाच लिन्हारीसचा पूल. १६३३-३४ मध्ये लिन्हारीसचा काउंट असलेल्या व्हाइसरॉयनं तो बांधून घेतला. राजधानी तेव्हा जुन्या गोव्यात होती. पणजीला तो मान मिळायला १८४३ उजाडलं. आधी रस्ता, मग दोनशे वर्षांनी राजधानी! आता आधी इमारती उठतात, रस्त्याचं नंतर बघू.

दलदलीत जांभ्या चिऱ्याचं बांधकाम आणि मध्ये मध्ये कमानी, एवढीच त्याची रचना. भरतीचं पाणी कमानींतून आत शिरतं, ओहोटीला परत जातं. वरून जाताना यातलं काही कळत नाही. मलाही कळलं ते टायर पंक्चर झाल्यावर. रहदारी जरा विरळ झाली आणि पायाखालून गुळगुळ आवाज आला. इतकी वर्षं मी पाण्यावरून जात होते!

आई मात्र मांडवीवरच्या नेहरू पुलाचं सांगते. तो १९७०च्या सुमाराचा, ५ जुलै १९८६ला कोसळला. मग भर पावसात बेतीच्या धक्क्यावर छत्र्यांची रेटारेटी, फेरीबोट आणि ऑफिसात रोज उशीर. ‘फेरी चुकली’ म्हटलं की साहेब पुढे विचारत नसे, हे ती अजून खुशीत सांगते. पुलाच्या आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या पोटातलं पोलाद सांभाळणं सोपं नाही; चिऱ्याच्या पोटात पोलादच नाही. अर्थात ही तुलना थोडी अन्यायाची. खाजणात कमानी बांधणं वेगळं आणि खालून मालवाहू बार्जी जातील इतक्या उंचावरून नदी ओलांडणं वेगळं. तरी सोळा वर्षं आणि पावणेचारशेहून जास्त वर्षं, हे आकडे शेजारी ठेवले की मन चिऱ्याकडेच झुकतं.

त्या दिवशी कठड्याशी एक म्हातारबाबा गळ टाकून बसले होते. “बाय, मेकॅनिकाक वेळ लागतलो,” एवढंच बोलले आणि पुन्हा पाण्याकडे वळले. मीही वाकून बघितलं. एक प्लास्टिकची बाटली कमानीतून आत खाजणाकडे निघाली होती. मेकॅनिक आला तेव्हा ती परत बाहेर येत होती.