आधी बोट, मग किल्ली

परवा बर्मिंगहॅमहून मँचेस्टरला लेकीकडे निघाले होते. मोटरवेवरच्या थांब्यावर, स्वतःच्याच गाडीत, डावीकडच्या सीटवर तासाभराहून जास्त वेळ बसून राहिले. गाडी ठणठणीत होती. बिघडली होती माझी साखर: 3.7.

इथलं माप वेगळं. 18 ने गुणलं की आपले साधारण 67 येतात. पहिल्या वर्षी नर्सबाई "एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 53, छान!" म्हणाल्या तेव्हा माझे पायच गळाले होते. त्याचा हिशोब निराळा; ते आपलं 7 टक्के निघालं.

तर नियम असा. इन्सुलिन चालू असेल तर डीव्हीएलए, म्हणजे इथल्या आरटीओला, कळवायचं. लायसन्स मग एक ते तीन वर्षांपुरतंच. गाडी काढायच्या आधी दोन तासांच्या आत साखर बघायची, लांब जायचं तर दर दोन तासांनी पुन्हा. 5 किंवा त्याखाली असेल तर आधी काहीतरी खायचं. 4 च्या खाली गेली की गाडी सुरक्षित जागी थांबवायची, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची आणि ड्रायव्हरची सीटसुद्धा सोडायची. आणि साखर 5 वर आली तरी पुढे 45 मिनिटं थांबायचं. वर आल्यापासून बरं का, खाल्ल्यापासून नव्हे!

परवा दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरने बोंब मारली, पण 4 किंवा त्याखाली आकडा दिसला की बोट टोचून खात्री करावी लागते. थंडीने बोटं गारठलेली; दोनदा टोचलं तेव्हा कुठे मोहरीएवढा थेंब आला. चार जेली बेबी, म्हणजे इथल्या मऊ गोड गोळ्या, चघळल्या. पंधरा मिनिटांनी बोट 4.4 म्हणतंय, सेन्सर अजून 3.8 वरच. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर बघतो, म्हणून मागे राहतो. त्याच्यावर विसंबून खात सुटलं की तासाभराने 14 ठरलेले. आणखी दहा मिनिटांनी 5.3. डोकं एकदम साफ. आणि आता 45 मिनिटं!

म्हणे साखर परतली तरी मेंदू जाग्यावर यायला वेळ लागतो. मला तर तेव्हा पाढेसुद्धा म्हणता आले असते. (बावीसचा अडखळला, ते सोडा.)

पुण्यात मी इन्सुलिन घेऊन सहा वर्षं स्कूटर चालवली. हात थरथरले की साखर तोंडात टाकायची आणि बटण दाबायचं. कधी पडले नाही. बेफिकीर नव्हते हो, ऑफिसला उशीर होत असायचा. इथे सेन्सर, पट्ट्या, इन्सुलिन सगळं फुकट मिळतं, म्हणून कुरकुर करायलाही तोंड नाही.

शेवटी सांगलीला भावाला फोन लावला. तो मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतो आणि एकादशीही धरतो.

"उपासाला गोळी घेतोस?"

"घेतो की. तूही घ्यायचीस ना मेटफॉर्मिन?"

"अरे, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा साखर पडत नाही. तुझ्या गोळीने पडते. पोटात काही नसताना ती काम करतच राहते. मनाने बंदही करू नकोस. एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचार, आणि घाम फुटला की मशीन काढ."

"ताई, तू पार मडमीण झालीस," तो हसला. मग म्हणाला, "पण आज एवढा निवांत फोन कसा काय?"

घड्याळात बघितलं. अजून अकरा मिनिटं होती.

"असंच," म्हटलं, "वहिनीला दे जरा."