मालक, तेवढी लाईट घालवता का?

आकाश बघायचा नाद असलेल्या माणसाला सोलापुरात सपाट माळ आणि कोरडी हवा आयती मिळते. आडवा येणारा डोंगर नाही, दिवाळीनंतर ढगांचाही फारसा त्रास नाही. पुण्यामुंबईकडचे लोक सह्याद्रीत कुठंतरी जाऊन बसतात तर अर्धं आकाश डोंगरानंच खाल्लेलं असतं, आमच्याकडं बांधावर उभं राहिलं की चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत आकाश. शिवाय आपण पडलो साडेसतरा-पावणेअठरा अंशांवर, त्यामुळं ध्रुवतारा उत्तरेला खाली, हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, तर ध्रुव पावणेदोन मुठींवर. आणि त्या बदल्यात दक्षिणेचं जे काय दिसतं त्यासाठी युरोपातले हौशी लोक विमानाची तिकिटं काढतात. हे सगळं फुकट. फक्त अंधार मागून घ्यावा लागतो.

आणि अंधार मागणं लै अवघड काम आहे राव. पाणी मागता येतं, बसायला सतरंजी मागता येते, लोक आनंदानं देतात, भाकरी खाऊन जा म्हणतात. पण कुणाच्या वस्तीवर जाऊन "मालक, तेवढी लाईट घालवता का, आम्हाला बघायचंय" असं म्हणून बघा. समोरचा माणूस आधी आपल्याकडं बघतो, मग आपल्या गाडीच्या नंबर प्लेटकडं.

आमचा ग्रुप काही मोठा नाही. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, ज्यांची स्वतः बनवलेली दुर्बीण आहे. पॉवरलूमवाले अण्णा. कॅमेरा आणि तो ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवणारा ट्रॅकर घेऊन येणारी इंजिनिअरिंगची दोन पोरं. मी, आणि माझ्याबरोबर आमचे हे, ज्यांना ताऱ्यांपेक्षा जेवणात जास्त इंटरेस्ट आहे. यांचं खरं म्हणजे बरोबरच आहे, कारण आमचा वर्षातला सगळ्यात चांगला कार्यक्रम येळवशीला असतो. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. सोलापूरच्या या बाजूला, लातूर-धाराशिवकडं आणि पलीकडं कर्नाटकात त्या दिवशी गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याची कोप करून पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. दुपारी ओळखीच्या मालकांच्या शेतात पोट फुटेस्तोवर जेवायचं, तिथंच झाडाखाली कलंडायचं, आणि संध्याकाळी सगळं गाव घरी परतायला लागलं की आमची माणसं डिकीतून पेट्या काढायला लागतात. चंद्र नाही, थंडी सुरू झालेली, शेत माणसांनी झाडून लख्ख केलेलं, आणि आम्ही मालकांचे जेवलेले पाहुणे, त्यामुळं लाईट मागायला जीभ रेटते. सासूबाईंना मात्र हे अजून पटलेलं नाही. "दिवसा जावा की, कोण नको म्हणतंय, पण आमुशाची रात्र शेतात काढायची म्हणजे काय?" असं त्या दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी पण देतात.

जागा अक्कलकोट रस्ता सोडून बरीच आत आहे. तिथंही काळाकुट्ट अंधार आहे असं समजू नका. वायव्येला सोलापूरचं तांबूस-पांढरं धुरकट उजेडाचं भगदाड दिसतं, आणि हिवाळा म्हणजे गाळप हंगाम, कारखान्यांच्या जिल्ह्यात राहतो आपण, त्यामुळं क्षितिजावर एखादा कारखाना रात्रभर झगमगत असतोच. जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकानं २००१ साली अंधाराच्या नऊ इयत्ता ठरवल्या, पहिली सगळ्यात काळी आणि नववी म्हणजे मोठ्या शहराचा मधला चौक. आमचं शेत माझ्या हिशेबानं चौथीत बसतं. काका म्हणतात साडेचार. पोरांनी अंधार मोजायचं मीटर लावून बघू म्हणलं तर काका म्हणाले मीटर कशाला, आकाशगंगा दिसतीय ना?

एकदा अंधार मिळाला की तो टिकवायचा, हे त्याहून कटकटीचं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी वेगळ्या आणि मिणमिणत्या उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी वेगळ्या, आणि त्या दंडपेशींमधलं ऱ्होडोप्सिन नावाचं रसायन पुरेसं साठायला वीस-तीस मिनिटं लागतात. साठायला अर्धा तास, आणि उडायला कुणाच्या तरी मोबाईलवर आलेलं एक गुड नाईटचं फूल पुरतं. लाल उजेडाचा या दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबरबँडनं बांधायचा. गाड्या आधीच तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायच्या. डिकीतला बल्ब काढून ठेवायचा. एवढं करूनही रात्री अकरा वाजता कुणाला तरी गाडीतला स्वेटर आठवतो, तो रिमोट दाबतो, टुक टुक, चारी इंडिकेटर पेटतात आणि त्या क्षणी शेतातल्या सगळ्या सभ्य माणसांच्या तोंडून जे शब्द येतात ते इथं टाइप करता येणार नाहीत. अण्णा तर तेलुगूत सुरू करतात, निदान आम्हाला अर्थ कळत नाही. यावर उपाय म्हणून आता डोक्यावरून चादर घ्यायची पद्धत पडलीय, आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावायचा आणि वरनं सोलापुरी चादर. थंडीचं पण भागतं, पडणाऱ्या दंवाचं पण, आणि बाजूचा उजेड बंद. (बायकांना रात्री टॉर्च घेऊन जरा लांब जावं लागतं तेव्हा तो पांढराच लागतो आणि त्यावर कुणी ओरडायचं नाही, हा नियम मी भांडून करून घेतलाय.)

काकांच्या दुर्बिणीबद्दल सांगायला पाहिजे. सहा इंची आरसा, आणि नळी म्हणजे बोअरचा आठ इंची केसिंग पाइप. खाली प्लायवूडचा गरगर फिरणारा पाट. या प्रकाराला डॉबसोनियन म्हणतात, जॉन डॉबसन यांच्या नावानं, आणि हा माणूस चक्क वेदान्ती संन्यासी होता हे मला काकांकडूनच कळलं. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्म, १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रामकृष्ण परंपरेतल्या मठात दाखल झाले, तिथं राहून भंगारातल्या काचा घासून दुर्बिणी बनवायला लागले आणि रात्री त्या बाहेर ओढून नेऊन आसपासच्या पोराटोरांना शनी दाखवायला लागले. शेवटी १९६७ मध्ये मठ सोडावा लागला, मग फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवणं हेच काम. काका पण तसेच. त्यांना स्वतः बघण्यापेक्षा दुसऱ्याला दाखवायचा सोस जास्त.

या सोसामुळंच एकदा वाचलो. अमावस्येची रात्र, शेताच्या मधोमध पाच-सहा माणसं, लाल दिवे, कुजबुज, डोक्यावरून चादरी आणि तीन पायांवर उभं केलेलं काहीतरी. लांबच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला काय वाटणार? गुप्तधन. आपल्याकडं २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तरी गुप्तधनाच्या बातम्या अजून येतात, त्यामुळं त्यांना वाटलं यात काही नवल नाही. दोन मोटारसायकली भर्रकन आल्या, हेडलाईट थेट आमच्या तोंडावर, "कोण हाय रे तिकडं? काय उकरताय?" आम्ही ऱ्होडोप्सिन गेलं म्हणून कळवळतोय आणि ते काठी घेऊन उभे. काका एकटे शांत. म्हणाले, "आधी ती हेडलाईट बंद करा आणि इकडं या, वर उकरतोय आम्ही." दुर्बीण कृत्तिकांच्या त्या इवल्याशा झुबक्यावर लावलेली होती. एकानं डोळा लावला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आयला, हे सगळं त्येवढ्यात मावतंय?" मग दुसऱ्याला बघायचं होतं, मग पहिल्याला परत, मग त्यांनी फोन करून वस्तीवरची अजून माणसं बोलावली, आणि पोरांचा फोटोचा सगळा प्लॅन बोंबलला.

त्या गर्दीत मालकांची आई पण आली. त्यांना आकाश शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणा होता, कारण तिकांडं या दिवसात मावळतीला झुकलं की जात्यावर बसायची वेळ झाली, हा हिशेब त्यांनी लहानपणापासून केलेला. मृगातले ते तीन तारे त्यांनी चष्म्याशिवाय दाखवले. मग काकांनी मोठ्या उत्साहानं देवयानी दीर्घिका लावली, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब, दुसरी आख्खी आकाशगंगा वगैरे सगळं सांगितलं. असल्या मंद गोष्टी सरळ बघितल्या तर नीट दिसत नाहीत, डोळ्याच्या बरोबर मध्यात दंडपेशीच नसतात म्हणून नजर जरा बाजूला ठेवून तिरकं बघावं लागतं, ते पण समजावलं. आजींनी तिरकं बघितलं, सरळ बघितलं, आणि काकांना म्हणाल्या, "धुरकट हाय ओ. काच पुसा की." काकांनी खरंच आरशावर दंव आलंय का ते बघितलं. आलं नव्हतं. ती दीर्घिका तशीच दिसते, फोटोतल्यासारखी जांभळी-गुलाबी कधीच नाही, आणि माझं मत विचाराल तर फोटो आधी बघूनच येणाऱ्या नव्या लोकांपेक्षा आजींची तक्रार जास्त इमानदार होती.

बारा वाजून गेले की अगस्त्याचा तारा बरोबर दक्षिणेला, दोन मुठी उंचीवर. त्या वेळेला बाकीची गर्दी पांगलेली असते आणि मालकांचं काम सुरू होतं. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस जागून पाणी देतो. म्हणजे आम्ही हौसेनं वर्षातून काही रात्री जागतो आणि हा माणूस हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत चिखलात उभा. आम्हाला पायाखाली काय आहे याची पर्वा नसते कारण आम्ही एका जागी उभे असतो. त्याला सरीतून चालायचं असतं. तिकडं करमाळ्याच्या बाजूला २०२० च्या डिसेंबरात माणसं मारणारा बिबट्या अखेर गोळी घालून मारावा लागला, तेव्हापासून इकडच्या वस्त्यांवर पण लोकांनी एलईडीचे फोकस लावले. मालकांनीही लावला, गोठ्याच्या पत्र्यावर, समोर तोंड करून. त्याला आम्ही म्हणणार, तेवढी लाईट घालवता का? दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी किती वर्षं आंदोलनं करतायत, सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, काही ठिकाणी दिवसा वीज यायला पण लागलीय, आणि ती सगळीकडं आली तर मला पहिला आनंद मालकांच्या झोपेचा होईल, आमच्या अंधाराचा नंतर. हे लिहायला सोपं आहे म्हणा. त्या फोकसखाली उभं राहून मनातल्या मनात चरफडतेच मी.

बोलायला सुरुवात अण्णांनी केली. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि तिथं काही दिवे फोडून टाकले नाहीत तर आजूबाजूच्या गावातले दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. अण्णांचा मुद्दा साधा होता. मालकांच्या फोकसचा निम्मा उजेड आभाळात जातोय, आणि निम्मा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यात. बिबट्या काय आभाळातनं येणाराय का? मालक हसले, पण विचार करायला लागले, कारण लाईटबिल तेच भरतात.

पहाटे पाचला अलार्म लावून उठलो. या वेळेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी दोन मुठींच्या आत आग्नेयेला असतो, नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपका आणि काकांच्या पाइपातून बघितलं की रवा सांडल्यासारखे तारे. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा, साधारण एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ. त्याच्या उजवीकडं खाली जेमतेम एका मुठीवर त्रिशंकूचे तारे, म्हणजे दक्षिणेचा तो क्रूस, जरा कललेला, कारण तो सरळ उभा होईपर्यंत उजाडायला लागतं. पोरं झोपलेली, कॅमेरा आपलं आपण फोटो काढत होता. आमचे हे उठले होते, पण चहासाठी. उत्तरेला सप्तर्षी, म्हणजे आजींच्या भाषेत म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. ते बघून परत त्रिशंकूकडं वळेपर्यंत त्याच्याखाली ऊसाच्या ट्रॅक्टरचा दिवा आला आणि बराच वेळ हाललाच नाही.

सकाळी अण्णांनी मालकांकडून तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा मागून घेतला. लूमवर पत्रा कापायची कात्री त्यांच्या गाडीत असतेच. डबा उभा कापला, कडा आत दुमडल्या, फोकसचं तोंड खाली केलं आणि वरनं ते टोपडं तारेनं बांधलं. दिवसा काय कळणार, त्यामुळं निकाल मालकांनी नंतर फोनवर दिला. गोठ्यात आणि विहिरीच्या वाटेवर उजेड आधीपेक्षा जास्त पडतोय म्हणे, आणि किडे तोंडावर येत नाहीत. आता पलीकडच्या वस्तीवाल्याला पण तसं करून पाहिजे, त्याचा फोकस तर ह्यांच्या दुप्पट आहे आणि आमच्या दक्षिणेला बरोबर अगस्त्याच्या खाली येतो, म्हणून पुढच्या अमावस्येला दोन डबे न्यायचे ठरलंय. कात्री तेवढी कुणीतरी आणा, अण्णांची अजून मालकांच्या गोठ्यातच आहे.