औदुंबराचे पाय पाण्यात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी भरपूर येतील. मला आपल्या शाळेच्या मराठीच्या तासाला लागलेल्या एकाच सवयीबद्दल लिहायचं आहे : कविता आधी डोळ्यांपुढे उभी करायची, अर्थाकडे मग वळायचं. आज सांगलीत नववी-दहावीला मराठी शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या हाती ती जशीच्या तशी पडावी, एवढीच इच्छा.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या 8 ओळी. दोनदा मोठ्याने वाचा, अर्थ सांगू नका. मग कागद आडवा धरून पेन्सिलीने नुसत्या जागा ठरवा : ऐलतट, पैलतट, टेकडी, डोह. पहिली चूक इथेच होते. चार घरांचं गाव कागदाच्या खालच्या कडेला, अगदी जवळ काढलं जातं. कवितेत ते ‘पैल टेकडीकडे’ आहे. बघणारा अलीकडे, गाव पलीकडे, म्हणून तर ते ‘चिमुकलें’. एवढं दुरुस्त केलं की चित्राला खोली येते.

मग रंग. हिरवा तीनदा येतो : हिरवाळी, शेतमळ्यांची हिरवी गरदी, हिरवी कुरणं. झरा निळासावळा. पांढरा एकदाच, पायवाटेला. तिथे पांढरा खडू घासू नका, वाटेपुरता कागद कोरा सोडा. नजर आपोआप त्या कोऱ्या पट्टीवरून हिरव्यातून काळ्या डोहाकडे चालू लागते. खात्री करायची तर पायवाटेच्या दोन ओळी, पाचवी आणि सहावी, हाताने झाका आणि उरलेली कविता वाचा. वर गावाचं चित्र, खाली डोहाचं, आणि एकातून दुसऱ्यात जायला वाटच नाही! कवितेतल्या प्रतिमा अशा एकमेकींना धरून असतात; सुट्या काढून यादी केली की मरतात.

डोहाच्या लाटांवर पसरणाऱ्या ‘गोड काळिमा’ला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. काळा खडू दाबून घासला की भीतीचं चित्र होतं आणि गोड हरवतं. गोड हा जिभेचा शब्द, काळिमा डोळ्यांचा. उन्हातून येऊन दाट झाडाखाली पाण्याशी टेकल्यावर जो गारवा लागतो, तो या जोडीत आहे. हलक्या काळ्यावर हिरव्याचा एक हात फिरवला की जवळपास जमतं.

औदुंबर म्हणजे आपला उंबर. ओढ्याकाठी, ओलीवर वाढणारा, काठावरून मुळं पाण्यात सोडणारा. तो पाहिलेल्याला शेवटच्या ओळीतलं ‘पाय टाकुनी जळांत बसला’ समजावून सांगावं लागत नाही. म्हणून जमेल तर आदल्या दिवशी वर्ग एखाद्या उंबराखाली न्यावा. झाड माणसासारखं बसवणाऱ्या या अलंकाराचं ‘चेतनगुणोक्ती’ हे नाव परीक्षेला हवंच, पण ते तासाच्या शेवटी. आधी सांगितलं की वह्या उघडतात, व्याख्या उतरते आणि झाड राहून जातं.

संदर्भाची गंमत आणि धोका दोन्ही आपल्या जिल्ह्यात जास्त. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर आहे, नृसिंहसरस्वतींच्या चातुर्मासाने पावन झालेलं दत्तक्षेत्र. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही गुरुचरित्रातली कथाही घराघरांत ठाऊक. हे माहीत असणाऱ्याला पाण्यात बसलेलं झाड तापसासारखं, दाह शमवणारं वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण चित्रात लगेच घाट येतो, घंटा येते, होडी येते. कवितेत झरा आहे, कृष्णेचं पात्र नाही. बालकवी खानदेशातल्या धरणगावचे. संदर्भ झाडाच्या बसण्यात मुरू द्यावा, त्याच्याभोवती देऊळ बांधू नये. म्हणून क्षेत्राची माहिती चित्र पुरं झाल्यावरच सांगायची.

काही संदर्भ मात्र आधीच कानात असावे लागतात, कारण ते चालीत दडलेले असतात. मर्ढेकर लिहितात, ‘सकाळी उठोनी, चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी वीज-गाडी’. अक्षरं मोजा : 6, 6, 6, 4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. हा मोठा अभंग, ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी’चाच साचा. आधी तुकोबांचा अभंग टाळ्यांवर म्हणून घ्या आणि त्याच ठेक्यात, न थांबता, मर्ढेकर म्हणा. ‘सकाळी उठोनी’ला कान देवाच्या नावाची वाट बघतो आणि समोर येतो चहाचा कप. अभंग न म्हणता थेट कविता वाचली, तर पोरांना ती नोकरदाराची दिनचर्या वाटते, विनोदी वाटते. तिच्यातली कळ पोचत नाही.

वीज-गाडी म्हणजे विजेवर धावणारी मुंबईची लोकल, तिथे ती 1925 पासून सुरू झाली, हे एका वाक्यात सांगून टाकावं. मग शेवटचा 4 अक्षरांचा चरण पुन्हा म्हणायला लावा. तुकोबांच्या अभंगात त्या जागी ‘ठेवोनियां’ येतं, विटेवर कर कटावरी ठेवून उभं असलेलं ध्यान स्थिरावतं. इथे त्याच जागी माणूस फलाटावर धावत असतो.