लॅपटॉपवरचा सिनेमा टीव्हीवर लावताना

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की चित्र बहुधा येतंच. ते नीट आलंय का, हे वेगळं बघावं लागतं. मी आधी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडतो. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांना झेपेल तेवढंच रिझोल्यूशन मिळतं. लॅपटॉप 1366 × 768 चा असेल, तर फोर-के (म्हणजे 3840 × 2160 चा) टीव्हीही बहुधा तिथंच अडकतो.

चित्रच आलं नाही आणि मध्ये यूएसबी-सीचं अडॅप्टर असेल, तर लॅपटॉपचं ते पोर्ट व्हिडिओ देतं का ते आधी तपासा. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगपुरती असतात. तिथे अडॅप्टर बदलत बसून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते चित्राचे झटके. व्हीएलसीला, म्हणजे सिनेमा चालवणाऱ्या प्लेअरला, दोष देण्याआधी डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, हर्ट्झमध्ये) बघा. फोर-केला 30 हर्ट्झ दिसले, तर साखळीत बहुधा कुठेतरी एचडीएमआयची जुनी आवृत्ती, 1.4, आहे: लॅपटॉपचं पोर्ट, अडॅप्टर, केबल किंवा टीव्ही. फोर-केला 60 हर्ट्झ हवे असतील तर 2.0 लागतं. बऱ्याच टीव्हींमध्ये ते एखाद-दुसऱ्याच पोर्टवर असतं, वर सेटिंगही चालू करावं लागतं. एलजीत ते ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ आणि सॅमसंगच्या नव्या टीव्हींत ‘इनपुट सिग्नल प्लस’ या नावाने सापडतं. तेही जमत नसेल, तर मी सरळ 1920 × 1080 रिझोल्यूशन, 60 हर्ट्झवर येतो. सोफ्यावरून फरक फारसा कळत नाही, झटके मात्र कळतात.

60 हर्ट्झ असूनही कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत असेल, तर कारण वेगळं. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. 60 मध्ये बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. रिफ्रेश रेटच्या यादीत 24 हर्ट्झ असेल तर सिनेमापुरतं तेच निवडा. दूरदर्शनवरून टेप केलेली जुनी नाटकं 25 फ्रेमची, त्यांना 50 हर्ट्झ चांगलं. त्यांत हालचालीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू करा.

आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून टीव्हीचं नाव निवडायचं. बाकी फाइल्स वाजतात आणि एखादीच मुकी राहते, तेव्हा व्हीएलसीतलं ‘पासथ्रू’ (आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे पाठवणं) बंद करा. त्या फाइलचा आवाज डीटीएस या प्रकारात साठवलेला असेल आणि टीव्हीला डीटीएस कळत नसेल, तर तो गप्प बसतो. पासथ्रू बंद केलं की व्हीएलसी स्वतःच आवाज उलगडून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, पाठवतं.

काळा रंग राखाडी दिसला, तर लॅपटॉप काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 16 ते 235 ची पातळी पाठवतोय आणि टीव्ही 0 ते 255 धरून बसलाय. उलट झालं तर अंधारातले चेहरेच गिळले जातात. ग्राफिक्सच्या सेटिंगमधली रेंज आणि टीव्हीतली ‘ब्लॅक लेव्हल’ जुळवायची. ‘ऑटो’वर माझा विश्वास नाही. कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीचा पिक्चर साइझ बदला: सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’, एलजीत ‘जस्ट स्कॅन’.

केबलशिवाय दाखवायचं तर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबा. सोयीचं आहे, पण चित्र वायफायवरून दाबून (कॉम्प्रेस होऊन) जातं आणि थोडं उशिरा पोचतं. फोटोंना ठीक, क्रिकेटला मी केबलच लावतो.