अर्धीच बंद करायची

मी संभाजीनगरला कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर हार्टचंच काम, अँजिओग्राफी नाहीतर स्टेंट, त्यामुळं लिस्टवर पीएसई दिसलं की जरा बरं पण वाटतं आन टेन्शन पण येतं. पीएसई म्हणजे पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशन, पानथरीला (प्लीहेला) रक्त नेणाऱ्या धमनीच्या फांद्या आतून काही प्रमाणात बंद करायच्या.

पेशंट धारूरकडची, 26 वर्षांची, नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी. लिव्हरचे रिपोर्ट चांगले पण पोर्टल व्हेनचं, म्हणजे आतड्याकडून अन् पानथरीकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेचं, प्रेशर वाढलेलं, एनसीपीएफ (नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस) म्हणतात, आपल्याकडं तरुण माणसांत दिसतो हा आजार. पानथरी पार बेंबीच्या खाली. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त 24 हजार, हिरड्यांतून रक्त, पाळीच्या वेळी तर विचारूच नका. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना आधीच बँड टाकून झाले होते. टेबलावर घेतल्यावर बघितलं तर डाव्या कुशीवर गोल डागांची ओळच, लहानपणी पानथरी उतरावी म्हणून तापल्या लोखंडानं डागलेलं. असले डाग आधी पण बघितलेत, राग येतो, पण काढायचा कुणावर?

आदल्या दिवशी तिचे सासरे आमच्या डॉक्टर सरांना म्हणाले, "सायेब, सगळीच बंद करून टाका ना, कटकट मिटंल." सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हणले मामा, चांगल्या माणसाच्या पण तीनातली एक प्लेटलेट पानथरीत असते, ती एवढी वाढली की 90 टक्क्यांपर्यंत तिथंच अडकतात, वरून पिशव्या चढवल्या तरी त्या पण तिकडंच जातात. 1973 च्या सुमाराला हे सुरू झालं तेव्हा आख्खी पानथरी बंद करायचे, मग आत गळू व्हायचे, माणसं दगावायची. 1979 पासून थोडीच बंद करायची अन् अँटिबायोटिकच्या आडोशाला करायची असं सुरू झालं. शिवाय इन्फेक्शनशी लढायला पानथरी लागते, म्हणून न्यूमोनियाची वगैरे लस आधीच देऊन ठेवलेली. मामा थोडं थांबून म्हणले, "म्हंजी चाऱ्या बंद करायच्या, कॅनॉल चालू ठेवायचा." जायकवाडीचं पाणी बघितलेला माणूस, सरांपेक्षा सोपं करून सांगितलं.

भूल फक्त जांघेत, बाई पूर्ण जागी. "ताई, श्वास रोखा... हां, सोडा" हे मी किती वेळा म्हणलो असेन. स्प्लेनिक आर्टरी एवढी वेडीवाकडी की वायर पुढं सरकंना, शेवटी मायक्रोकॅथेटर, म्हणजे एकदम बारीक नळी, स्वादुपिंडाच्या फांद्या ओलांडून पुढं गेला, कारण धमनी बंद करणारे पार्टिकल तिथं गेले तर स्वादुपिंड सुजतं. मग एक्स-रेत दिसणाऱ्या डायमध्ये मिसळलेले पीव्हीए पार्टिकल, म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक कण, एक सीसीच्या सिरींजनं हळूहळू सोडायचे, मधे मधे डायचा शॉट (एक्स-रे फोटो) घेऊन बघायचं. पुढची सिरींज माझ्या हातात भरून तयार, स्क्रीनवर मला अजून बराच भाग डायनं भरलेला, म्हणजे चालू, दिसत होता, आन सर म्हणले बास. पहिला शॉट शेजारी लावून दाखवला, साधारण 60 टक्के बंद. 70 च्या वर गेलं की गळू आन पोर्टल व्हेनमध्ये गुठळी व्हायचा धोका वाढतो. माझ्या मते या कामात हात चालवण्यापेक्षा थांबायलाच जास्त अक्कल लागते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गोंधळ. 102 ताप, डाव्या बाजूला कळा, उलट्या, नवरा म्हणतो चांगली चालत आली होती हो! आधी सांगितलेलं असतं, सही पण घेतलेली असते, पण समोर बायको कण्हत असल्यावर ते कुणाला आठवतंय. बंद पडलेला भाग आत मरतो त्याचा हा ताप, पेनकिलर, अँटिबायोटिक आन वाट बघणं. त्याच दिवशीच्या सीबीसीत (रक्ताच्या तपासणीत) प्लेटलेट 41 हजार. दोन आठवड्यांनी फॉलोअपला 1 लाख 30 हजार, हिरड्या कोरड्या.

सरांनी बजावलं की पोर्टलचं प्रेशर आहे तसंच आहे, एंडोस्कोपी चुकवायची नाही, पोटाला मार लागू द्यायचा नाही, मोळी तर उचलायचीच नाही. तिथं गाडी अडली. कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, घरात खर्चून बसलेली, मुकादम ऐकतोय होय? नवऱ्यानं मलाच बाजूला घेऊन विचारलं, "दादा, चिठ्ठी मिळंल का, मराठीत?" सरांनी लेटरहेडवर मराठीत लिहून दिली, शिक्का मी मारला. मुकादमानं ती मानली का नाही ते पुढच्या एंडोस्कोपीला आले की कळंल.