अर्धा कोयता

"एकटीला अर्धा कोयता धरत्यात, उचलबी अर्धीच." बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या फाट्यावर ट्रॅक्टरमध्ये भांडी चढवताना ऊसतोडीला निघालेली एक बाई बोलून गेली. दिवसभर तेच डोक्यात आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार; त्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर, मजुरी टनावर. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. आजारपणात घरी बसलं की खाडा, तोही पैशातूनच कापतात. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणून पुन्हा निघावंच लागतं.

दिवाळीच्या सुमारास गेलेले गुढीपाडव्याच्या आसपास परततात. शाळेचं दुसरं सत्र जवळपास सगळं जातं. गावातलं हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं तरच पोरं मागे राहतात.

त्या बाईच्या पोरीने दप्तर सोबत घेतलं होतं. कोपीवर, तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, ते उघडेल कोण?